मास्तरांची तीन अक्षरं

मास्तर शाळेत कधी शिकवायला गेले नाहीत आणि शिकायलाही फारसे गेले नाहीत. गळ्यात टेप आणि कानावर खडू आला की माणूस मास्तर होतो, तसे ते झाले. त्यांचं शिंपीकामाचं दुकान एका उताराच्या रस्त्यावर, चष्म्याचं दुकान आणि एक अंधारा जिना यांच्यामध्ये अंग चोरून बसलं होतं. पुढे गिऱ्हाइकांचं बाक, मधे कापायचं लांब टेबल, एक उभा आरसा आणि आरशासमोर गिऱ्हाइकाने उभं राहायचा लाकडी पाट. मागे खिडकीशी दोन स्टुलं. एकावर मास्तरीणबाई अस्तराला तुरपाई घालत बसायच्या, दुसऱ्यावर त्यांचा धाकटा भाऊ काजं करायचा. या भावाला अख्खी गल्ली भोंगा म्हणायची. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असा त्याचा कारभार. पण त्याच्या काजात बटण आपणहून जाऊन बसायचं, म्हणून मास्तर त्याचं सगळं ऐकून घेत. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. स्वतः घुमे असल्यामुळे शांत दुकान त्यांना खायला उठायचं.

डॉक्टर माणसाचा दोष दाखवतो आणि शिंपी तो झाकतो. पण झाकायचा तर आधी लिहून घ्यायला हवा. मास्तर टेप लावून माप बोलायचे आणि मास्तरीणबाई खिडकीशी बसून चिठ्ठीवर उतरवायच्या. छाती किती, बाही किती, हे आकडे कुणाच्या मनाला लागत नाहीत. लागतं ते पुढचं. मास्तर ज्या म्हाताऱ्या कटरच्या हाताखाली शिकले, तो एकदा भर दुकानात “पोट सुटलेलं” असं स्वच्छ बोलला. गिऱ्हाईक जे पाटावरून उतरलं ते कापड काखेत मारूनच गेलं. तेव्हापासून म्हाताऱ्याने अक्षरं काढली. पो. पु. म्हणजे पोट पुढे. मा. आ. म्हणजे मान आखूड. छा. पो. म्हणजे छाती पोकळ. हाताखालची सगळी माणसं हीच भाषा शिकली. गिऱ्हाईक आरशात छाती काढून उभं असायचं आणि त्याला वाटायचं, कापडाचंच काहीतरी चाललंय. पो. पु. आलं की भोंग्याला हमखास खोकला यायचा आणि मास्तरीणबाई त्याच्या स्टुलाला पायाने ढोसायच्या.

त्या दिवसांत एक माणूस कोट शिवायला आला. तेव्हा तो कोणी नव्हता. बारीक अंगाचा, चपळ डोळ्यांचा, सोबत दोन पाठीराखे. पहिल्यांदाच मोठ्या सभेत बोलायचं होतं आणि त्यासाठी कोट हवा होता. पाटावर चढल्यावर तो अंगावरचं जाकीट काढीना. मग त्याने त्या दोघांना रस्त्याकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं आणि मान खाली घालून जाकीट काढलं. त्याची पाठ लहानपणापासून उजवीकडे वाकलेली होती. ते मान खाली घालणं पाहून मास्तरांना त्याची माया आली. पुढे काय काय झालं ते झालं, पण त्या दिवशी माया आली, हे खरं आहे.

“उ. पा. वा.,” मास्तर म्हणाले. उजवीकडे पाठ वाकलेली.

“म्हणजे काय?” तो आरशातून म्हणाला.

आजवर कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांचं तोंड उघडलं, पण आत शब्दच नव्हता. दारातले दोघेही वळून बघू लागले. तेवढ्यात खिडकीतून, हातातली सुई न थांबवता, भोंगा बोलला.

“उपेक्षितांचा पाठीराखा, वाली! आमचे दाजी असेच आहेत साहेब. गिऱ्हाईक मनात भरलं की पदवी देऊन टाकतात. मला मात्र अजून एकही दिली नाही बघा.”

तो माणूस आरशात स्वतःकडे बघत राहिला. मग त्याने ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, “उपावा.” आणि हसला. ते दोघेही हसले आणि एक जण म्हणाला, “साहेब, हे चालेल.”

तिघं गेल्यावर दुकानात हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एक दिवस हे तोंड तुला गोत्यात आणणार आहे,” मास्तरीणबाई भावाला म्हणाल्या.

“मला आणू दे गं ताई. आज दाजींना बाहेर काढलं की नाही?”

कोटावर मास्तरांनी जीव ओतला. उजव्या खांद्याखाली कॅनव्हासवर कापसाचे थर चढवले, डावी बाजू कंबरेशी चोरून घेतली, पाठीची मधली शिवण मुद्दाम तिरकी मारली. कोट चढवला आणि माणूस सरळ झाला. तो बराच वेळ आरशापुढून हलला नाही. जाताना त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला.

पहिल्यांदा ती तीन अक्षरं एका कापडी फलकावर दिसली. मग भिंतींवर आली, मग बसच्या पाठीवर. भोंगा रोज सकाळी नवी बातमी घेऊन यायचा. आज पाण्याच्या टाकीवर बघितलं, आज न्हाव्याच्या आरशावर. तिघं खुसुखुसू हसायची. पुढे तो माणूस सत्तेवर बसला आणि हसणं कमी झालं. चहाच्या दुकानात त्याच्या नकला करणारा एक जण दिसेनासा झाला, तेव्हा तर पार बंदच झालं. एका लॉन्ड्रीवाल्याने भक्तीने दुकानाला ‘उपावा’ नाव दिलं, तर पाटी उतरवून त्यालाच घेऊन गेले. ही अक्षरं फक्त एका माणसाची, दुसऱ्या कशालाही लावायची नाहीत, असा हुकूम निघाला. शेजारच्या चष्मेवाल्याची नात दारात बसून पाठ करायची, “उपेक्षितांचा पाठीराखा, वाली. हे नाव साहेबांना एका आंधळ्या म्हातारीने भरसभेत रडत रडत दिले.” पुस्तकात तसंच छापलं होतं, म्हातारीचं चित्रही होतं. मास्तरांना वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. म्हातारी तर म्हातारी, आपण नामानिराळे.

पण सुटका कुठली! कोट अजून मास्तरांच्याच हातचे जात होते, कारण ती पाठ दुसऱ्या कुणाला झाकता आली नाही. गाडीतून एक राखाडी शर्टातला माणूस यायचा, मागच्या दाराने कोट न्यायचा. पहिल्याच खेपेला त्याने मापाची चिठ्ठी मागून घेतली आणि काडी लावली. “पाठीबद्दल कुठे बोलणं नको,” एवढंच म्हणाला. चौकात साहेबांचं मोठं चित्र लागलं, खाली लिहिलं होतं, ताठ कण्याचा नेता. मास्तर तिथून जाताना मान वर करत नसत. वर पाहिलं की त्यांना नेता दिसायचा नाही, स्वतःच चढवलेला कापूस दिसायचा.

त्यांनी घरात ठरवून टाकलं, ही खूण आजपासून बंद. तशी पाठ आलीच तर नुसतं “बघतो” म्हणायचं आणि लक्षात ठेवायचं. मास्तरीणबाईंनी मान हलवली. भोंगा म्हणाला, “दाजी, मला कसली शपथ घालताय? मी काजवाला. माप बोलणारे तुम्ही.”

आणि झालंही तसंच.

पाणीखात्यातला एक कारकून बढती मिळाली म्हणून कोट शिवायला आला. आयुष्य टेबलाशी गेलेलं, उजव्या कोपरावर रेलून रेलून पाठ त्याच बाजूला गेली होती. मास्तर टेप घेऊन त्याच्या मागे उभे राहिले. मणक्यावरून हात फिरला, बोटांना ओळखीचं वळण लागलं आणि जीभ आपल्या जुन्या वाटेने निघून गेली.

“उ. पा. वा.”

मास्तरीणबाईंची पेन्सिल थांबली. कारकून आरशात पांढराफटक पडला.

“काय म्हणालात तुम्ही?”

“काही नाही. बाही बघू जरा.”

“नाही, तुम्ही मला… मला का म्हणालात? कुणी सांगितलं तुम्हाला असं म्हणायला?” आपली परीक्षा चालली आहे, असं त्याला वाटलं. “मी काही केलेलं नाही हो. माझ्या घरात साहेबांचा फोटो आहे!”

मास्तरांचं तोंड उघडलं आणि पुन्हा आत शब्द नव्हता. तो रिकामा चेहरा भोंग्याने पूर्वी एकदा पाहिला होता. आताही त्याला राहवलं नाही. समोरचा माणूस भीतीने मरायला टेकलाय, त्याला धीर द्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

“अहो, घाबरताय काय एवढे? तुमची पाठ जरा उजवीकडे वाकलीय, म्हणून दाजी तसं म्हणाले. शिंप्यांची खूण आहे ती, जुनी. त्या म्हातारीच्याही आधीची.”

तो बोलला आणि मग त्यालाच कळलं. कारकून पाटावरून उतरला, कापड तिथेच टाकून गेला. मास्तरांनी त्या कापडाची नीट घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

कारकुनाने जाऊन सांगितलं. दुष्ट नव्हता बिचारा. आपण सांगितलं नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर काय, या भीतीने सांगितलं. मास्तरांना पुढे त्याचा राग धरता आला नाही, कारण त्यांनीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले आणि मास्तरांना व भोंग्याला घेऊन गेले. एका कचेरीत, लांब बोळाच्या दोन टोकांना, दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. मास्तरांच्या समोरचा अधिकारी सभ्य होता. त्याने चहा मागवला. त्याच्या कोटाची डावी बाही चुकीची बसवलेली होती, हात टेबलावर ठेवला की खांद्याशी चुण्या पडत होत्या. मास्तर त्या चुण्यांकडे बघत राहिले, कारण त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

“तुमचा मेव्हणा म्हणतो, साहेबांचं नाव ही शिंप्यांची खूण आहे. व्यंगाची. तुमच्या धंद्यात आहे अशी खूण?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हो म्हणावं, तर साहेबांच्या पाठीला पहिल्यांदा ते नाव देणारा कोण, हे ओघाने आलंच. नाही म्हणावं, तर मेव्हण्याने साहेबांची बदनामी रचली, असा अर्थ झाला. भोंग्याला वाचवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो या खुर्चीत बसून गार होणाऱ्या चहाकडे बघत होता. मास्तरांनी विचार केला नाही, असं नाही. केला. त्यांना दुकान आठवलं, बायको आठवली, लॉन्ड्रीवाल्याची उतरवलेली पाटी आठवली.

“नाही,” ते म्हणाले. “अशी खूण नाही.”

“मग तुम्ही ती अक्षरं का उच्चारलीत?”

“गिऱ्हाईक पाठमोरं होतं. साहेबांसारखं दिसलं. आदराने तोंडून आलं.”

“आणि मेव्हणा?”

“बडबड्या आहे तो. तोंडाला येईल ते बोलतो. गल्लीत कुणालाही विचारा.”

“विचारलंय,” अधिकारी म्हणाला. “भोंगा म्हणतात ना? या तुम्ही.”

बोळातून बाहेर पडताना दुसऱ्या टोकाच्या बंद दारामागून ओळखीचा आवाज आला. नेहमीसारखा मोठा, पण त्यात विनवणी होती. “माझ्या दाजींना विचारा ना साहेब. इथेच असतील. ते खोटं बोलायचे नाहीत.”

मास्तर थांबले. शिपायाने खांद्याला हलकेच पुढे ढकललं, तसे चालू लागले.

घरी मास्तरीणबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या मागे रस्त्यावर आणखी कुणी येतंय का, ते त्यांनी पाहिलं.

“तो कुठाय?”

“ठेवून घेतलंय.”

“तुम्हाला विचारलं असेल ना? खुणेचं?”

“विचारलं.”

“मग?”

मास्तर बूट काढत बसले. एका बुटाची नाडी त्यांना सुटेना. त्या आत निघून गेल्या. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पाटावर उभं राहिलं, मास्तर माप बोलू लागले आणि खिडकीतून पेन्सिलीचा आवाज आला नाही. मास्तरीणबाई तुरपाई घालत होत्या, मान वर नाही. मास्तर टेप सोडून टेबलाशी गेले, आकडा लिहिला, परत आले. तेव्हापासून ते स्वतःच बोलायचे आणि स्वतःच लिहायचे. बाकी सगळं चालू होतं. जेवण वेळेवर, शर्टाला इस्त्री, दुखलं खुपलं तर औषध. फक्त माप लिहायचं नाही. शेजारचं स्टूल त्यांनी हलवू दिलं नाही. नवा काजवाला बघू का, असं मास्तरांनी एकदा भीत भीत विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “काजं मी करीन.” त्यांच्या हातची काजं बरी होत नसत आणि गिऱ्हाइकं कुरकुरत, पण मास्तरांनी चकार शब्द काढला नाही.

या काळात मास्तरीणबाई दर आठवड्याला त्या कचेरीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. मास्तरांनी बरोबर येतो म्हटलं की त्या म्हणायच्या, “तुम्ही कशाला? तुम्हाला त्याच्याबद्दल काय ठाऊक आहे?” मास्तर दुकानाचं दार उघडून बसायचे. शांतता त्यांना पूर्वी खायला उठायची, आता रोज चावे घेत होती. राखाडी शर्टवाला कोट न्यायला येतच होता. एकदा मास्तरांनी धीर करून मेव्हण्याचं नाव काढलं. तो म्हणाला, “कोण मेव्हणा?” आणि कोट खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसरा हिवाळा संपत आला होता तेव्हा भोंगा परत आला. एकटाच, भर दुपारी, उतारावरून भिंत धरत. चष्मेवाल्याने त्याला आधी पाहिलं आणि स्वतःच्या दुकानात आत जाऊन बसला. दुकानात एक गिऱ्हाईक बाकावर वर्तमानपत्र वाचत होतं. भोंगा दारात उभा राहिला तेव्हा मास्तरांना वाटलं, कुणी म्हातारा पत्ता विचारायला आलाय. मास्तरीणबाईंनी मात्र बघताक्षणी ओळखलं. त्या उठल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्याला धरून त्याच्या स्टुलावर बसवलं. रडल्या नाहीत. पाणी दिलं. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, कारण एका हाताने धरवत नव्हता.

कुणीच काही बोलेना. पूर्वी अशा वेळी भोंगाच बोलायचा.

“थंडी आहे,” शेवटी तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मास्तरांना पुढे वाकावं लागलं. “अंगात काही नाही माझ्या.”

“याचा कोट करा,” मास्तरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. नजर भावावरच होती. “आत्ता.”

मास्तरांनी फळीवरचं सगळ्यात जाड लोकरी कापड काढलं. टेप घेतला. भोंगा बहिणीचा हात धरून पाटावर चढला आणि आरशाकडे न बघता उभा राहिला. मास्तर त्याच्या मागे गेले. छाती घेतली, ती पूर्वीच्या निम्मीही वाटेना. खांदा घेतला. मग मणक्यावर हात ठेवला आणि हात खाली नेता नेता त्यांची बोटं उजवीकडे गेली. मणका गेला तशी गेली. अगदी तीच वाट.

मास्तरांचा हात तिथेच राहिला. हे बोटांना पाठ असलेलं वळण होतं. एकाचं त्यांनी कापसाखाली झाकलं होतं, आणि ते झाकलेलं राहावं म्हणून या दुसऱ्याच्या पाठीला ते कोठडीत मिळालं होतं.

“काय झालं दाजी?” भोंगा मान न वळवता म्हणाला. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “मिळाली ना मला पण पदवी? कधीची मागत होतो.”

बाकावरच्या गिऱ्हाइकाने वर्तमानपत्र खाली केलं. दार उघडं होतं आणि रस्त्यावरून माणसं जात होती. मास्तर म्हाताऱ्या कटरच्या हाताखाली शिकले, तेव्हापासून कुठल्याही माणसाचं व्यंग त्यांनी अख्ख्या शब्दांत उच्चारलं नव्हतं. तरी ते बोलले, आणि बारीक आवाजात नाही, रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलले.

“उजवीकडे पाठ वाकलेली. उ. पा. वा. शिंप्याची खूण आहे. माझ्या दुकानातली आहे, मीच बोललो होतो ती. साहेबांच्या पाठीवर हात ठेवून बोललो होतो. हा खरं सांगत होता आणि मी खोटं बोललो.”

गिऱ्हाईक उठलं आणि मागे न बघता बाहेर पडलं. त्याच्या बुटांचा आवाज उतारावरून खाली जात राहिला. कुठे चालला होता कोण जाणे. घरी गेला असेल, किंवा पाणीखात्यातल्या कारकुनाच्या वाटेने गेला असेल. मास्तरांनी दाराकडे पाहिलं नाही. भोंग्याची पाठ त्यांच्या हाताखाली थरथरत होती. तो हसत होता की रडत होता, ते मागून कळत नव्हतं.

खिडकीशी पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला. मास्तरीणबाई चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“हं, झालं,” त्या म्हणाल्या. “पुढे बोला.”